आमच्या सामायिक सड्यावर (जांभ्या दगडाच्या पठारावर) कातळशिल्पं, म्हणजे कातळात खोदलेल्या जुन्या आकृत्या आहेत आणि तोच सडा चिरेखाणीला, म्हणजे जांभ्याचे चिरे काढायला मागतायत. काय करावं?

सड्यावरची

शिमग्याला राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी गेले होते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे कळेलच. पालखी घरी येऊन गेली, नारळ-बिरळ झाले, आणि दुपारी जेवताना चुलतभावाने (आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो) सहज विषय काढला. "वरचा सडा चिरेखाणीला मागतायत. पैसे बरे देतोय. तुझी सही लागेल."

सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत. त्यातले तिघं हयात नाहीत, वारसनोंद कोणी केलेली नाही. दोघं गुजरातेत. एक काका कुठे असतात ते देवाक काळजी. क्षेत्राच्या रकान्यात जवळजवळ सगळं पोटखराबा, म्हणजे लागवडीला न चालणारी जमीन. लहानपणी मला वाटायचं, पोटखराबा म्हणजे जमिनीचं पोट बिघडलंय.

मी म्हटलं, सही नंतर, आधी वर जाऊन येऊ. वीस वर्षांनी चढले ती घाटी. वर तसंच सगळं. काळा कातळ, मधेमधे पिवळं वाळकं गवत, कडेला आजोबांनी घातलेला दगडांचा गडगा. आणि मधल्या सपाट जागेत आमचा मासा.

"आमचा मासा" म्हणजे कातळात खोदलेला मासा. माझ्या पावलांनी नऊ पावलं लांब. त्याच्या शेजारी पाकट (तो चपटा मासा), शेपटीसकट. थोडं पुढे पाठीला बाक असलेलं कुठलंसं जनावर, त्याचे दोनच पाय दिसतात. एक माणूस, सरळसोट, हात बाजूला सोडलेले, तोंडावर नाक-डोळे काही नाही. आणि एक चौकोन, त्यात नागमोडी रेघा, नक्षी म्हणावी तर नक्षी. आम्ही पोरं माशाच्या शेपटीवरून उडी मारून डोक्यावर पोचायची पैज लावायचो. कोणी विचारलं तर मोठी माणसं सांगायची, पांडवांनी काढलंय एका रात्रीत, कोंबडा आरवला म्हणून अर्धवट राहिलं.

गेल्या काही वर्षांत पेपरात कशेळी, बारसू वगैरे गावांतल्या कातळशिल्पांबद्दल वाचत होते. पण आपला मासा तसलाच असेल हे डोक्यातच आलं नाही. घरातल्या वस्तूला कोणी ऐतिहासिक म्हणतं का!

तर प्रश्न असे:
कोणाला कळवायचं? कळवलं तर जमीन जाईल का? (दादाची मुख्य भीती हीच.) न कळवता नुसती सही नाकारली तर खाण थांबेल का? आणि हे खरंच जुनं आहे हे कसं ओळखायचं?

फोटो टाकायचा प्रयत्न केला, भर दुपारचे आहेत, काही म्हणजे काही दिसत नाही.

लांबून_कोल्हा

फोटोत फक्त तुमची चप्पल दिसतेय. चप्पल छान आहे.

पुराणवांगी

ताई, आधी अभिनंदन आणि मग विनंती. जागेचा अचूक पत्ता कृपया इथे देऊ नका, नकाशावरची खूणही नको. रविवारी गाड्या घेऊन येणारी मंडळी रेघांमध्ये खडू नाहीतर चुना भरतात, फोटो उठावदार यावा म्हणून. मग तो वर्षानुवर्षं जात नाही.

तुम्ही वर्णन केलंत त्यात शंकेला फार जागा नाही. मासा, पाकट, बिनचेहऱ्याचा माणूस आणि चौकोनी नक्षी हा संच रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर पुन्हा पुन्हा भेटतो. १९९० च्या सुमारास रत्नागिरीजवळ निवळी इथल्या शिल्पाची नोंद झाली. पुढे सिंधुदुर्गात सतीश लळीत यांनी हिवाळे, कुडोपी इथली शिल्पं उजेडात आणली. रत्नागिरी जिल्ह्यात सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई २०१२ नंतर गावोगाव पायी फिरले. आज सत्तरेक गावांमध्ये मिळून दीड हजारांवर आकृत्या नोंदल्या गेल्या आहेत. २०२२ मध्ये कोकणातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली: कशेळी, उक्षी, जांभरूण, रुंढ्ये तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ.

आकाराची कल्पना यावी म्हणून सांगतो. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच आहे. एसटीच्या दीड गाडीएवढा. आणि त्या हत्तीच्या पोटात इतर प्राणी, पक्षी, मासे यांच्या कितीतरी लहान आकृत्या खोदल्यात. जमिनीवर उभं राहिलं तर हत्ती दिसतच नाही, फक्त रेघा दिसतात. ज्याने काढला त्यालाही तो अखंड कधी दिसला नसणार. मला या एका गोष्टीने कित्येक वर्षं झोप लागू दिलेली नाही. (अतिशयोक्ती. पण थोडीच.)

गावठी_आंबो

आमी शाळेत जायच्या अदी ढोरां घेवन सड्यार जायत असू. थंय असलाच कायकाय कोरलेला आसा. आमी तेंका बावले म्हणत असू. एका बावल्याच्या पोटात गोटये खेळत असू. आजी सांगी, पोटात खेळा पण तोंडार पाय देव नको. कित्याक, ता तिकाय म्हायत नाय.

पेपरात "शोध लागला" म्हणान इला तेवा अख्खो वाडो हसलो. आमका कोणी इचारलाच नाय तर आमी सांगतलव कशाक?

पुराणवांगी

@गावठी_आंबो, कुडोपीच्या त्या जागेला गावात बावल्यांचं टेंबच म्हणतात, म्हणजे नाव आधीपासून होतंच. आणि शोधणाऱ्यांनीही हे लपवलेलं नाही. गुराखी आणि म्हातारी माणसं यांनी दाखवल्याशिवाय यातलं निम्मंही सापडलं नसतं. गोव्यातल्या फणसायमळची कुशावती नदीकाठची चित्रंही १९९३ मध्ये गावकऱ्यांनी सांगितल्यावरच अभ्यासकांपर्यंत पोचली. "शोध" हा शब्द खटकतो हे मान्य. "नोंद" म्हणू.

शंकेखोर

नेहमीप्रमाणे मीच वाईटपणा घेतो. हे दहा हजार वर्षं जुनं, वीस हजार वर्षं जुनं असं जे छापून येतं त्याला आधार काय? दगडात खोदलेल्या रेघेचं वय काढता येत नाही. कार्बन डेटिंगला सेंद्रिय काहीतरी लागतं: कोळसा, हाड, लाकूड. रेघेत काय आहे? हवा.

मग म्हणतात, गेंडा काढलाय, कोकणात आज गेंडा नाही, म्हणून जुनं. अहो, बाबराने सोळाव्या शतकात पेशावरच्या बाजूला गेंड्याची शिकार केल्याचं स्वतः लिहून ठेवलंय. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर गेंडा आहे. आपल्या नगर जिल्ह्यात दायमाबादला १९७४ साली जी ब्राँझची शिल्पं मिळाली त्यात हत्ती, रेडा आणि बैलांच्या रथाबरोबर गेंडा आहे. ते लोक शेती करत होते, घरं बांधून राहत होते. म्हणजे गेंडा दिसला की अश्मयुग, हे गणित चालत नाही.

पुराणवांगी

गेंड्यापुरतं तुमचं बरोबर आहे आणि दायमाबादचं उदाहरण मला आधी सुचायला हवं होतं. पण एकट्या गेंड्यावर कोणी जाणता माणूस थांबत नाही.

मुद्दा असा की इतक्या शेकडो आकृत्यांमध्ये शेतीचा मागमूस नाही. नांगर नाही, जू नाही, गाडी नाही. प्राणी, मासे, पक्षी, माणसं आणि भौमितिक नक्षी. राज्य पुरातत्त्व विभागाचे तेव्हाचे संचालक डॉ. तेजस गर्गे यांनी याच आधारावर हे शिकार आणि अन्नसंकलन करणाऱ्या लोकांचं काम असावं असं मांडलं. शिवाय सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यात कोळोशीच्या गुहेत उत्खनन झालं आणि तिथे दगडी हत्यारं मिळाली. म्हणजे त्या काळी या भागात माणूस वावरत होता, हे तरी पक्कं. आणि गेंड्याचंच म्हणाल तर गुजरातेत लांघणजला सांकलियांच्या उत्खननात मध्याश्मयुगीन थरात गेंड्याच्या खांद्याचं हाड मिळालंय, त्यावर ठोकाठोकीच्या खुणा आहेत. ऐरण म्हणून वापरलेलं. पश्चिम भारतातल्या त्या काळच्या माणसाला गेंडा चांगला परिचयाचा होता.

शंकेखोर

नांगर नाही म्हणून शेती नाही? सडा ही शेतीची जागाच नाही. उद्या कोणी माझ्या गच्चीवरून माझं आयुष्य ठरवलं तर म्हणेल हा माणूस फक्त पापड वाळवायचा.

बाकी कोळोशीचं मान्य. पण गुहेतला माणूस आणि सड्यावरची रेघ यांच्यामध्ये जोडणारा धागा अजून हवा, एवढंच माझं म्हणणं.

लांबून_कोल्हा

पापडवाला मुद्दा संग्रही.

भूगर्भी

वयाचा वाद चालू द्या, मी दगडाबद्दल लिहितो, कारण त्याकडे कोणी बघत नाही.

सडा म्हणजे जांभ्याचं पठार. खाली बेसाल्ट. उष्ण हवा, चार महिने धो धो पाऊस, आठ महिने कोरडं. लाखो वर्षांत त्या बेसाल्टमधली सिलिका पाण्याबरोबर वाहून गेली आणि लोखंड नि ॲल्युमिनियम मागे राहिलं, तो जांभा. फ्रान्सिस बुकानन याने १८०० च्या सुमारास मलबारात अंगाडीपुरमला लोकांना याच्या विटा कापताना पाहिलं आणि १८०७ मध्ये छापलेल्या पुस्तकात त्याला लॅटेराइट नाव दिलं. लॅटिनमध्ये लेटर म्हणजे वीट. आपण त्याच विटेला चिरा म्हणतो.

आता मजा बघा. खालचा जांभा ताजा असताना मऊ असतो, सहज कापता येतो, उघड्यावर आला की घट्ट होतो. म्हणूनच तर चिरे निघतात. पण सड्याचा अगदी वरचा थर हजारो वर्षं उन्हापावसात राहून लोखंडासारखा कडक झालेला असतो. ज्या माणसाने हे खोदलं त्याने ते सगळ्यात चिवट कातळात खोदलंय. मऊ जांभा दरडीच्या कडेला उघडा मिळाला असता. त्याला तो नको होता, त्याला सपाटी हवी होती. एकेक रेघ बोटभर खोल जायला किती ठोके लागले असतील याचा हिशोब मी एकदा करायला बसलो आणि सोडून दिला.

देवाचे गोठणेला होकायंत्र नेलंत तर त्या मानवाकृतीवर सुई भलतीकडे फिरते. चमत्कार म्हणून व्हिडिओ फिरतात. जांभ्यात लोहखनिज भरपूर असतं, आणि अशा खडकावर वीज पडली तर तेवढ्या जागेत चुंबकत्व येऊ शकतं. माझा आपला अंदाज. आकृती नेमकी तिथेच का काढली, हा प्रश्न मात्र विजेने सुटत नाही.

चिरा_नंबर_एक

भूगर्भी साहेबांनी वरच्या थराचं लिहिलं म्हणून लॉगिन केलं, एरवी मी वाचनमात्र. माझ्या वडलांची चिरेखाण होती, मी स्वतः सात वर्षं मशीनवर उभा होतो.

तो वरचा कडक थर चिऱ्याला चालत नाही. पातं खातो आणि चिरा सरळ निघत नाही. त्यामुळे खाण सुरू करताना पहिलं काम काय, तर तो फोडून कडेला लोटायचा. तो माल नाही, डबर. म्हणजे ताई, तुमचा मासा चिऱ्यात जाणारच नाही. तो पहिल्या दिवशी डबरात जाईल. खाणवाल्याला तो कापायचाही नसतो, त्याच्या लेखी ती नुसती साफसफाई.

आम्ही असं काही फोडलं का? खरं सांगतो, माहीत नाही. कोणी बघितलंच नाही. जेसीबीवर बसून पायाखालच्या रेघा दिसत नाहीत.

वाचणारी_माधवी

हे वाचून पोटात गलबललं.

सड्यावरची

@चिरा_नंबर_एक, धन्यवाद. हे असं सरळ कोणीच सांगितलं नव्हतं. दादाला हा प्रतिसाद वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "फोडायचं असेल तर बाकीचा सडा फोडूया, मासा ठेवूया."

पण बाकीच्या सड्यावर काय आहे ते तरी कुठे बघितलंय?

सातबारा_उतारा

जमिनीच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण सगळे हत्ती-गेंड्यात रमलेत.

१. चिरा हे गौण खनिज. सामायिक जमिनीवर उत्खनन करायचं तर सगळ्या सहहिस्सेदारांची संमती मागतात. त्यामुळे तुमच्या एकट्या नकाराला वजन आहे. पण मयत खातेदारांची वारसनोंद आधी करून घ्या. नाहीतर उद्या कुठला तरी लांबचा वारस उभा करून कागद फिरवला जातो. हे मी पाहिलंय, कुठे ते विचारू नका.

२. "कळवलं की जमीन सरकारजमा" ही भीती चुकीची आहे. राज्याचा प्राचीन स्मारकांचा कायदा १९६० चा. त्याखाली एखादी जागा संरक्षित करायची असेल तर आधी अधिसूचना निघते, हरकतींना दोन महिने मिळतात, मग अंतिम निर्णय. मालकी आपोआप जात नाही. खाजगी मालकीची संरक्षित स्मारकं महाराष्ट्रात आहेत, मालकाशी करारही करता येतो.

३. तो शंभर मीटर बांधकामबंदी आणि त्यापुढे दोनशे मीटर परवानगीचा नियम केंद्राच्या संरक्षित स्मारकांचा, १९५८ च्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीने आलेला. गावात सगळे हे दोन्ही कायदे एकात कालवून बोलतात आणि घाबरतात.

४. संरक्षित म्हटल्यावर तिथे सुरुंग, खाण, आंब्याचे खड्डे काही करता येणार नाही, हे मात्र खरं. ज्याला त्या जमिनीतून चार पैसे मिळणार होते त्याचे ते बुडतात. या नुकसानीबद्दल कोणी बोलत नाही, आणि मग गावकऱ्यांना वारशाची किंमत नाही म्हणून नावं ठेवतात. पोटखराब्याला पहिल्यांदा भाव आलेला असतो हो.

हापूसवाला_नाना

चार नंबरला शंभर मोदक. आमच्याकडे कातळात सुरुंगाने खड्डे मारून, खालून माती आणून भरून कलमं लावली आमच्या बाबांनी. त्या बागेवर आम्ही तिघं भावंडं शिकलो. तेव्हा कोणी येऊन म्हणालं असतं की थांबा, इथे चित्र आहे, तर बाबांनी काय केलं असतं? मला उत्तर देता येत नाही.

वाचणारी_माधवी

मग बारसूच्या वेळी कातळशिल्पांचं नाव घेऊन विरोध करणारे गावकरी कोण होते नाना? तेही कोकणातलेच. २०२३ च्या एप्रिलमध्ये रिफायनरीच्या माती परीक्षणाला बायका सड्यावर उन्हात आडव्या पडल्या होत्या.

हापूसवाला_नाना

त्यातल्या बऱ्याच जणींना आंबा-काजू आणि मासळीची काळजी होती. कातळशिल्पं त्यांच्या बाजूने उभी राहिली हे चांगलंच झालं. पण आधी पोट, मग मासा. दगडातला म्हणतोय मी.

संपादक

रिफायनरीसाठी वेगळा धागा आहे, साडेचारशे प्रतिसादांचा. तिकडे जा. इथे कातळ.

पुराणवांगी

बारसूचं नाव निघालंच आहे तर कातळापुरतं लिहितो. तिथे एक माणूस आणि त्याच्या दोन्ही बाजूंना झेपावणारे दोन वाघ असं शिल्प आहे. मोहेंजोदडोच्या मुद्रेवर दोन वाघांना दोन हातांनी थोपवणारा माणूस आहे, त्याची आठवण होतेच. याचा अर्थ दोन्हीत नातं आहे असा नाही. दोन बाजूंना दोन जनावरं आणि मधे माणूस, ही कल्पना जगात ठिकठिकाणी सुचलेली आहे. तरी पहिल्यांदा बघताना अंगावर काटा येतो.

अजून एक, शब्दांबद्दल. याला जिओग्लिफ म्हणायचं की पेट्रोग्लिफ यावरून भांडणं आहेत. पेरूतल्या नाझ्काच्या रेघा या खऱ्या अर्थाने भूचित्रं: वरचे गडद दगड बाजूला करून खालची फिकट जमीन उघडी केलेली. आपल्याकडे रेघ दगडातच खोदलीय, म्हणजे ते पेट्रोग्लिफ. पण ती भिंतीवर नाही, जमिनीवर आडवी आहे आणि अवाढव्य आहे, म्हणून जिओग्लिफही. युनेस्कोच्या यादीत जिओग्लिफ गेलंय. मराठीत मात्र "कातळशिल्प" हा शब्द इतका चपखल बसलाय की हा वाद आपल्याला शिवतच नाही.

शंकेखोर

शिल्प तरी कुठे आहे? बहुतेक नुसत्या रेघा आहेत. "कातळखोदचित्र" म्हणणारेही आहेत आणि ते जास्त बरोबर आहे.

लांबून_कोल्हा

आमच्या माशाला काहीही म्हणा पण डबर म्हणू नका.

फोटोवाला_बंड्या

ताई, फोटोसाठी: सूर्य उगवल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास, नाहीतर मावळायच्या आधी. तिरपा उजेड लागतो, रेघेत सावली पडते आणि चित्र उठून येतं. दुपारी बारा वाजता कशेळीचा हत्तीही दिसणार नाही. खडू, चुना, रंग, पीठ, काही म्हणजे काही भरायचं नाही. रेघेत माती साचली असेल तर खराट्याने हलकं झाडा, लोखंडी काही लावू नका. प्रत्येक फोटोत मापासाठी पट्टी किंवा निदान ती छान चप्पल ठेवा. आणि सगळ्या आकृतींचा एकमेकींशी संबंध कळेल असा कच्चा नकाशा हाताने काढा, पावलांनी मोजून. तो फोटोपेक्षा जास्त कामाला येतो.

सर्वात चांगला काळ सांगू? पावसाळ्याचे पहिले दोन-तीन दिवस. रेघांमध्ये पाणी भरतं आणि आभाळ त्यात दिसतं. नंतर शेवाळ आणि गवत. मग भाद्रपदात सड्यावर सीतेची आसवं, गेंद, तेरडा यांचे गालिचे होतात, तेव्हा पाय ठेवायलाही जीव होत नाही.

गावठी_आंबो

आणि पावसाच्या सुरवातीक दीपकाडी. धवी फुला. आमच्या सड्यार ढीगभर.

सातबारा_उतारा

कळवायचं कुठे ते राहिलंच. रत्नागिरीत थिबा राजवाड्यात राज्य पुरातत्त्व विभागाचं वस्तुसंग्रहालय आहे, तिथे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एक प्रत ग्रामपंचायतीला, एक तहसीलदारांना. ग्रामसभेत विषय घेता आला तर उत्तम. उक्षीला गावानेच पुढाकार घेतला, हत्तीभोवती कठडा बांधला, वरून बघायची सोय केली. तिथला हत्ती सुमारे सहा मीटरचा, जवळपास खऱ्या हत्तीएवढा. तुमच्या दादाला एकदा उक्षी दाखवून आणा. कायद्याची कलमं वाचून माणूस बदलत नाही हो, मी वकील असून सांगतो.

पुराणवांगी

आणि जमलं तर देवीहसोळ. आर्यादुर्गेच्या देवळाजवळ चौकोनी नक्षीचं मोठं शिल्प आहे आणि देवीच्या जत्रेत त्या जागेला मान आहे. कोणी, कधी, का काढलं हे कोणाला ठाऊक नसताना गावाने ते आपलं मानून सांभाळलं. तुमच्या चौकोनाचं वर्णन वाचून मला तेच आठवलं.

सड्यावरची

उशीर झाला, पण सांगायला बरंच आहे.

मे महिन्यात आठ दिवस गावी राहिले. दादाला घेऊन उक्षीला गेले. तिथे तो हत्तीपेक्षा कठड्याकडेच जास्त बघत होता. "याला चिरे किती लागले असतील गं?" असं विचारत होता. चिऱ्यांनीच बांधलाय याचं त्याला फार बरं वाटलं. देवीहसोळला मात्र बाहेर चपला काढून हात जोडले आणि एकदम म्हणाला, "आपल्याकडे पण आहे की हा चौकोन."

मग आम्ही दोघं, त्याची दोन पोरं आणि शेजारच्या वाडीतले एक आजोबा असे तीन सकाळी सडा फिरलो. आजोबा ऐंशीच्या पुढचे, काठी टेकत. जन्मभर गुरं राखली. ते आम्हाला गडग्याच्या पलीकडे घेऊन गेले, करवंदीच्या जाळीमागे. तिथे आणखी सात आकृत्या. एक मोर असावा, एक नुसती पावलांची जोडी, बाकीच्या मला ओळखता आल्या नाहीत. एका आकृतीवर बरोब्बर मधून बैलगाडीची जुनी चाकोरी गेलीय. मी आजोबांना विचारलं, तुम्ही हे कधी कोणाला सांगितलं नाहीत? ते म्हणाले, "तुमच्या आजोबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, असूं दे."

बंड्याने सांगितल्याप्रमाणे नकाशा काढला. पोरांनी पावलं मोजली. धाकट्याची पावलं लहान, त्यामुळे मोर एका मापाने अकरा आणि एका मापाने सोळा पावलं भरतो. शेवटी टेप आणला.

अर्ज दिला, पोच घेतली. दोन माणसं येऊन मापं घेऊन गेली, पुढचं कळवू म्हणाली. ग्रामसभेत विषय आला, तासभर चर्चा झाली, त्यातली पाऊण तास पाखाडीच्या दिव्यांवर. पण ठराव झाला.

खाणवाल्याला दादाने स्वतःच नाही सांगितलं. तो दुसरीकडे गेला. ती जागा आमच्यापासून फार लांब नाही. तिकडे काय आहे ते बघायला आम्ही गेलो नाही, पावसाच्या आधी वेळच मिळाला नाही, आणि खरं सांगायचं तर जायची छाती झाली नाही.

चिरा_नंबर_एक

मी जातो. माझी ओळख आहे तिथे. काम दिवाळीनंतरच सुरू होईल, पावसात मशीन लावत नाहीत. काही दिसलं तर तुम्हाला कळवतो, इथे लिहीत नाही.

पुराणवांगी

@चिरा_नंबर_एक, आधी गुराख्यांना विचारा. आणि सकाळी जा.

शंकेखोर

ताई, त्या चाकोरीचा जवळून फोटो काढा. चाकाच्या झिजेखाली रेघ आहे की झिजेवर, हे बघता येईल. निदान गाडीपेक्षा चित्र जुनं आहे एवढं तरी पक्कं होईल. मी चेष्टा करत नाही, हा खरंच पुरावा आहे.

सड्यावरची

काढला. झिजेखाली आहे.

शंकेखोर

छान. आता बैलगाडी कधीची ते शोधा.

लांबून_कोल्हा

फोटोत या वेळी चप्पल नाही. निषेध.

सातबारा_उतारा

सगळं ठीक. वारसनोंदीचं काय झालं?

सड्यावरची

तलाठी रजेवर आहेत.